मामाचं पॅम्फ्लेट आणि माझा क्यूआर कोड

रविवारी सकाळी आमच्याकडे पेपर उचलला की त्यातून बातम्यांच्या आधी पॅम्फ्लेट्स पडतात. पेस्ट कंट्रोल, सोफा ड्रायक्लीनिंग, ‘आठवी ते बारावी सर्व विषय’, आणि महिन्यातून एकदा माझ्या मामाचं. पिवळा कागद, लाल अक्षरं, वर गणपती, खाली मोबाइल नंबर. मधे ‘वन बीएचके, टू बीएचके, रो हाउस, दुकानाचे गाळे घेणे-देणे-भाड्याने’. आपल्या फेस्टच्या पोस्टर कमिटीने ते डिझाइन बघितलं तर बेशुद्ध पडेल!

मामा नेरुळला इस्टेट एजंट आहे. सिडकोने बांधलेल्या जुन्या सेक्टरमध्ये, एका झेरॉक्सवाल्याच्या शेजारी त्याचा छोटासा गाळा आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर सेक्टरचा नकाशा. मोठ्या बिल्डरच्या नव्या टॉवरमध्ये तो फारसा पडत नाही. त्याचं काम जुन्या घरांचं : रीसेल आणि भाडं. दर महिन्याला तो पॅम्फ्लेट छापतो, पेपरवाल्याला पैसे देऊन आजूबाजूच्या सेक्टरमध्ये टाकतो, आणि अधूनमधून मराठी पेपरच्या छोट्या जाहिरातींत चार ओळी देतो. गाळ्याचं भाडं वाढलं, त्यात हा खर्च. मागच्या वर्षी मामी एकदा जेवताना बोलली, “यांचे अर्धे पैसे रद्दीत जातात.” आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात इंजिनीअर होणारी पोरगी आहे ना, मग सांग काय ते!

मी लगेच सांगून टाकलं. “मामा, अरे पॅम्फ्लेट आता कोण वाचतं? डायरेक्ट रद्दीत जातं.”

मामा शांतपणे म्हणाला, “रद्दीत जायच्या आधी घरात जातं ना? मग झालं.”

हे काही लॉजिक नव्हे, असं माझं ठाम मत झालं. मित्रांनो, आपल्याला काय शिकवलंय? मेजर करता येत नसेल तर त्यावर बोलू नका. म्हणून मी ठरवलं की मोजूनच दाखवायचं. मामासाठी एक नवीन सिम घेतलं. तो नंबर फक्त पॅम्फ्लेटवर आणि पेपरमधल्या जाहिरातीत. ऑनलाइन पोर्टल्सवर त्याचा जुनाच नंबर. पॅम्फ्लेटच्या मधोमध एक मोठा क्यूआर कोड टाकला, स्कॅन केला की थेट मामाच्या व्हॉट्सॲपवर. गणपतीपासून दिवाळीपर्यंत एक्सेल शीटमध्ये नोंदी. अगदी कंट्रोल्ड एक्सपेरिमेंट!

निकाल ऐका. क्यूआर कोड स्कॅन केला तो आईने (चालतो का बघायला), एका मुलाने (पॅम्फ्लेट कुठे छापलं विचारायला) आणि अजून दोघांनी, ज्यांनी पुढे काहीच बोलणं केलं नाही. फोन आले ते असे : एकाला नोकरी हवी होती, एका काकूंना सोफा धुऊन हवा होता (त्या दुसऱ्या पॅम्फ्लेटचा नंबर समजून बसल्या होत्या), आणि तीन-चार खरे. त्या खऱ्यांपैकी एकाचंही पुढे जमलं नाही. जुना नंबर मात्र दिवसभर वाजत होता. मी दिवाळीत फराळ खाताना रिपोर्ट सादर केला : प्रिंट इज डेड. मामाने रिपोर्ट बघितला, मान हलवली आणि पुढच्या महिन्यापासून पॅम्फ्लेट बंद केलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

आता खरी गोष्ट.

डिसेंबरमध्ये पीएल होती, घरी अभ्यास होईना म्हणून मी मामाच्या गाळ्यात वही घेऊन बसले होते. एक आजोबा आले. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला पिवळा कागद काढला. माझंच पॅम्फ्लेट, गणपतीचं! चार महिने त्यांनी तो कागद जपून ठेवला होता. त्यांचं तळमजल्याचं सिडकोचं घर विकायचं होतं, साताऱ्याला गावी जाऊन राहायचं होतं. मामाने चहा सांगितला. दीड तास ते बोलत होते. सिडकोची जमीन लीजवर असते, त्यामुळे ट्रान्स्फरला सिडकोची परवानगी लागते, आजींच्या नावावरचा हिस्सा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं.

जाताना मी न राहवून विचारलं, “आजोबा, यावर नंबर होता, क्यूआर कोड होता, तुम्ही फोन का नाही केलात?”

“फोनवर कधी घर विकतात का बाळ? दुकान कुठे आहे ते वाचलं आणि आलो.”

झालं! माझ्या एक्सेल शीटमध्ये या माणसासाठी कॉलमच नव्हता. मी फोन मोजले, स्कॅन मोजले, पण चालत आलेला माणूस मोजलाच नाही. आमच्या लॅबमध्ये याला इन्स्ट्रुमेंटल एरर म्हणतात आणि मार्क कापतात.

मग मी मामाची डायरी काढली. मामा सगळं डायरीत लिहितो, फक्त ‘तुम्ही कुठून आलात’ हे कधी विचारत नाही. त्या वर्षी घर विकायला किंवा भाड्याने द्यायला आलेल्या नऊ मालकांना मी एकेक करून फोन लावला. पाच जणांनी पॅम्फ्लेट किंवा पेपरमधली छोटी जाहिरात सांगितली. घर घ्यायला आलेल्यांपैकी जितके सापडले त्यांनाही विचारलं, त्यात एकाने सुद्धा पेपरचं नाव काढलं नाही. नऊ हा काही सॅम्पल साइज नव्हे, स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम हसतील. पण मला जे कळायचं ते कळलं.

आपण समजतो की एजंटचं गिऱ्हाईक म्हणजे घर शोधणारा. ते अर्धंच खरं आहे. एजंटची दोन गिऱ्हाइकं असतात. एक घर घेणारा, तो आपल्यासारखा, किंवा आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर फ्लॅट बघणारा. त्याच्यासाठी पेपरमध्ये एक रुपया घालणं सुद्धा चूक आहे. दुसरा घर देणारा. नेरुळ-वाशीच्या जुन्या सेक्टरमध्ये तो बहुतेक साठीच्या पुढचा. त्याने कधीतरी सिडकोचा फॉर्म भरून, नंबर लागून घर घेतलं. तो सकाळी चहाबरोबर पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, पॅम्फ्लेट सकट. आणि मुंबईच्या या बाजूला एजंटकडे गिऱ्हाइकांची टंचाई नसते, टंचाई असते ती चांगल्या घरांची. ज्याच्याकडे घर आहे त्याच्याकडे घेणारे आपोआप येतात. म्हणजे मामाचं पॅम्फ्लेट घर विकत नाही, ते घर आणतं! आणि मी ते घर विकतंय का हे मोजत बसले होते.

ऑनलाइनवाल्यांची बाजू मला माहीत आहे, मी त्याच बाजूची होते. ९९एकर्स २००५ चं, मॅजिकब्रिक्स २००६ चं, नोब्रोकर २०१४ चं. यातल्या शेवटच्याचं तर नावच मामाच्या पोटावर पाय देणारं! यांनी घर शोधणाऱ्याचं काम सोपं केलं, यात वादच नाही. पण एकदा एखाद्या पोर्टलवर घर शोधायला नंबर टाकून बघा. दहा मिनिटांत किती एजंट फोन करतात ते मोजा. तेच घर पाच जणांनी पाच किमतींना टाकलेलं असतं, फोटो तिसऱ्याच घराचे. मामालाही पोर्टलवरून नावं मिळतात, पण तीच नावं आणखी किती जणांकडे गेली ते त्याला माहीत नसतं. तो फोन करतो तेव्हा समोरचा आधीच वैतागलेला असतो.

आणि ही पोर्टल्स स्वतः जाहिरात कुठे करतात? आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१२ साली हाउसिंग डॉट कॉम काढलं. आपल्या सगळ्यांचं स्वप्न ना ते! २०१५ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘लुक अप’ नावाची प्रचंड कॅम्पेन केली. आणि ती केली पेपरच्या पहिल्या पानांवर आणि रस्त्यावरच्या होर्डिंग्जवर! घरं इंटरनेटवर शोधा, हे सांगायला त्यांना कागद लागला. (त्याच वर्षी त्यांच्या सीईओला बोर्डाने काढलं आणि २०१७ मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) नाव लोकांच्या डोक्यात बसवायचं असेल, भरवसा वाटायला हवा असेल, तर छापलेलं पान अजून कामाला येतं, हे त्या हुशार पोरांनाही माहीत होतं.

पण हाच भरवसा छापील जाहिरातीने स्वतःच घालवलाय, आणि याचा मला राग आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा : या दिवशीचे पेपर हातात घेऊन बघा. नुसत्या वजनावरून कळतं सण आहे. पहिलं पान उघडायच्या आधी चार पानं बिल्डरची जॅकेट जाहिरात. पितृपक्षात तोच पेपर सडपातळ. या मोठ्या जाहिरातींनी नवी मुंबईला वर्षानुवर्षं एक वाक्य विकलं : ‘एअरपोर्टपासून १० मिनिटं’. कुठलं एअरपोर्ट? भूमिपूजन झालं १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि पहिली विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. त्याच्या कितीतरी आधी उलवे, पनवेल, पार कर्जत-खालापूरपर्यंतचे प्लॉट त्या न झालेल्या एअरपोर्टच्या जोरावर विकले गेले. मेट्रोचंही तेच. बेलापूर ते पेंधर ही ११ किलोमीटरची लाइन १७ नोव्हेंबर २०२३ ला एकदाची सुरू झाली, पण जाहिरातीतल्या चित्रात ती केव्हाची धावत होती! या जाहिराती बघून ज्यांनी ईएमआय सुरू केला त्यांनी विमान उडायच्या आधी किती हप्ते भरले असतील, त्याचा हिशोब कुठल्याही जॅकेटवर छापलेला नव्हता.

२०१६ च्या रेरा कायद्याने यात थोडं लक्ष घातलं. त्याचं कलम १२ तुम्ही वाचा, आपल्या वयाच्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. बिल्डरच्या जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. आणि त्याला त्या प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. म्हणजे ती जाहिरात जपून ठेवली तर पुरावा! प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करायचीच नाही, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या वेबसाइटचा पत्ता ठळक हवा, हेही त्याच कायद्यात. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. एजंटांना सुद्धा नोंदणी लागते आणि २०२३ पासून ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. पन्नाशीतला मामा रात्री जागून त्या परीक्षेचा अभ्यास करत होता आणि मी त्याला एमसीक्यू कसे सोडवायचे ते शिकवत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडून काही शिकून घेतलं असेल!

गंमत बघा. मी आजोबांच्या पॅम्फ्लेटवर टाकलेला क्यूआर कोड कोणी ढुंकूनही बघितला नाही. पण बिल्डरच्या फुल पेजवरचा क्यूआर कोड मात्र प्रत्येकाने स्कॅन केलाच पाहिजे. त्यातून महारेराच्या साइटवरची त्या प्रकल्पाची माहिती उघडते : ताबा कधी देणार, परवानग्या कुठल्या, कोर्टात काय चाललंय. जाहिरातीतलं सगळ्यात खरं वाक्य त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात असतं. फक्त ते कोपऱ्यात असतं आणि स्विमिंग पूल मधोमध असतो. अर्थात जुन्या घरांच्या व्यवहाराला हे सगळं संरक्षण नाही. तिथे तुम्ही आणि समोरचा एजंट, बस. म्हणून तिथे पॅम्फ्लेटवर गाळ्याचा पत्ता छापलेला असणं महत्त्वाचं. ज्याने पत्ता छापून चार सेक्टरमध्ये वाटलाय त्याला उद्या गायब होणं कठीण जातं. विजेच्या खांबांवर ‘रूम भाड्याने’ आणि नुसता नंबर असे स्टिकर लावणाऱ्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही. (शिवाय शहराची भिंत न् भिंत घाण करतात. १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे, पण स्टिकरवाल्यांना तो कोणी वाचून दाखवलेला दिसत नाही.)

एक छापील जाहिरात मात्र आहे जिच्याबद्दल ‘चालते का’ हा प्रश्नच येत नाही. जिच्यात फोटो नाही, किंमत नाही, ऑफर नाही : जाहीर नोटीस! मी कॉन्व्हेंटमधली, माझं मराठी वाचन म्हणजे शाळेतलं सेकंड लँग्वेजचं पुस्तक. आजीचे डोळे गेल्यावर तिला पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आठवीत असताना मी मोठ्याने वाचलं, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझे अश्लील...’ आजी हसून हसून रडली. शब्द ‘अशील’ होता, म्हणजे वकिलाचा क्लायंट. तर हे अशील एखादं घर किंवा जमीन घेणार असतात, आणि कोणाचा हक्क, बोजा, हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवा, असं त्यांचा वकील छापतो. सोसायटीतला सभासद नॉमिनी न नेमता वारला तर सोसायटीला सुद्धा उपविधींप्रमाणे किमान दोन स्थानिक पेपरमध्ये नोटीस द्यावी लागते.

नवी मुंबईत तर ही नोटीस फारच महत्त्वाची. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, त्या लढ्यातून पुढे शेतकऱ्यांना संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळू लागली. त्या जमिनीच्या एकेका प्लॉटला कितीतरी वारस असतात, कोणी लग्न होऊन अलिबागला, कोणी मुंबईत. बहिणीची सही घेतलीच नाही असं नंतर उघड झालं की वर बांधलेल्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांची झोप जाते. मामा सांगतो, नोटिशीवर हरकत आली म्हणून त्याचे दोन व्यवहार थांबले, आणि थांबले ते बरंच झालं. वेबसाइटवरचा मजकूर उद्या कोणी गुपचूप बदलू शकतो. छापलेल्या पानावर तारीख असते, ते कापून फाइलला लावता येतं आणि दहा वर्षांनीही तसंच राहतं. रिअल इस्टेटमध्ये कागदाची ताकद आहे ती इथे आहे, चकाकणाऱ्या जॅकेटमध्ये नाही.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध एक गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर मागच्या रिपोर्टसारखंच होईल. २०२० च्या मार्चअखेर आमच्याकडे पेपर यायचा बंद झाला. १८ एप्रिलला राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायला बंदीच घातली, ती पुढे उठली. पण आमच्या मजल्यावरच्या चारपैकी दोन घरांनी पेपर परत सुरू केलाच नाही. पेपरवाला सांगतो की पूर्वी त्याच्याकडे लाइन टाकायला तीन पोरं होती, आता एकच आहे. वाचक किती उरलेत हे सांगणारा आयआरएसचा मोठा सर्व्हे सुद्धा २०१९ नंतर वर्षानुवर्षं रखडला. आजोबांचं घर विकलं जाईल, ते साताऱ्याला जातील, आणि तिथे नवीन राहायला येणारं जोडपं पेपर लावणार नाही. त्यांना कधी ते घर विकायचं झालं तर ते खिशात पिवळा कागद ठेवून चालत येणार नाहीत. मामाचं पॅम्फ्लेट अजून किती वर्षं घरं आणेल? पाच? दहा? माझ्या मते जुन्या सेक्टरमध्ये दहा, खारघर-तळोज्याच्या टॉवर्समध्ये आजच शून्य. तिथे पॅम्फ्लेट छापणाऱ्या एजंटने ते पैसे खरंच वाचवावेत.

मामासमोर दुसरा रस्ता होता. एका बिल्डरने त्याला चॅनल पार्टनर व्हायला बोलावलं होतं. नवीन टॉवरचे फ्लॅट विकायचे, बुकिंगमागे कमिशन, जाहिरातीचा खर्च सगळा बिल्डरचा. गाळा बंद करता आला असता. मामीला ते पटत होतं, आणि पॅम्फ्लेट मेलंय असा माझा रिपोर्ट तिच्या हातात होताच. आजोबा आले नसते तर मामा आज कुठल्यातरी साइट ऑफिसमध्ये टाय लावून ‘एअरपोर्टपासून १० मिनिटं’ म्हणत उभा असता, आणि त्याला तिथे उभं करण्यात माझ्या एक्सेल शीटचा हात असता. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आजोबांच्या घराचा व्यवहार मार्चमध्ये झाला. पॅम्फ्लेट परत सुरू झालंय, पण दर महिन्याला नाही, तीन महिन्यांतून एकदा आणि फक्त जुन्या सेक्टरमध्ये. मजकूर मी बदलला. ‘घेणे’ काढून टाकलं, ‘आपले घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे आहे?’ एवढंच मोठ्या अक्षरात, आणि खाली गाळ्याचा पत्ता, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी अशा खुणेसकट. डायरीत आता ‘कुठून कळलं’ असा एक रकाना आहे, मामा तो भरायला विसरतो आणि मी शनिवारी जाऊन भरून घेते. गणपती मात्र वर तसाच आहे, त्याला हात लावू दिला नाही. माझा क्यूआर कोडही आहे, खाली उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.